बाहेरून लावलेलं कुलूप

हे मी यांना कधी सांगितलं नाही, लेकाला नाही, देवापुढे उभी राहूनसुद्धा नाही. त्याला ठाऊक असेल म्हणा — पण मी तोंड उघडलं नाही, हे खरं. आता तुम्हाला सांगते. तुम्ही समोर बसलेले नाही ना, म्हणून जमतंय. असतात, तर चहाचं निमित्त करून मी केव्हाच आत पळाले असते.

पळण्यात मी पहिल्यापासून पटाईत. गिरगावातली मॅट्रिक झालेली मुलगी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली, तेव्हा लोक म्हणाले, काय शांत सून! शांत कसली? नळावर बायका हसल्या की वाटायचं, मलाच हसताहेत. म्हणून सगळ्या गेल्यावर उरलीसुरली धार भरायची. हळदीकुंकवाच्या दिवशी डोकं दुखायचं. फार हुशार डोकं — आमंत्रण आल्याशिवाय दुखत नसे.

गेल्या वर्षी नातीने हाताला धरून डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, आजी, हा नुसता लाजरेपणा नाही. याला नाव आहे — टाळणारं व्यक्तिमत्त्व — आणि त्यावर उपचारही आहेत. माणसं हवी असतात, पण आपण त्यांना आवडणार नाही या धास्तीने आपण दारच लावून घेतो. ‘दार’ हा शब्द त्या सहज बोलून गेल्या. मला मात्र हुंदका आला. नातीने विचारलं, तर म्हटलं, डोळ्यात काहीतरी गेलं. बघा — तिथेही खोटंच!

दाराचंच तर सांगायचंय मला.

गिरण्यांचा संप चालू होता. खालच्या मजल्यावर शेवंता राहायची, मालवणकडची. नवरा गिरणीत. सगळ्या चाळीत मला भीती वाटत नसे ती एकटी तिचीच. न विचारता आत यायची, माझ्या आमटीत स्वतःच मीठ घालायची. संप लांबत गेला, तशी एकेक बिऱ्हाड गावी निघालं. तिचंही ठरलं. थोरली नंदा दहावीत, आणि त्यांच्या गावात पुढची शाळा नाही. शेवंताने विचारलं, “वैनी, नंदाक ठेवून घेशात? धावी होवंदे तिची.”

मी लगेच हो म्हटलं. नाही म्हणायलाही धीर लागतो — तो कुठून आणायचा?

यांची गोदीतली कारकुनी चालू होती. घरात अडचण म्हणाल तर कसलीच नव्हती. आणि खरं सांगू? मला ती पोर हवी होती. पण ती दिवसभर मला बघणार. मी किती बावळट आहे, भिंतीशी कशी बोलते, सगळं तिला कळणार, मग ती आईला सांगणार. या घोरात आठ दिवस गेले.

त्या सकाळी लेक गिरगावात आजोळी होता. यांना म्हटलं, डोकं धरलंय, निजते. जाताना बाहेरून कुलूप लावा, म्हणजे कुणी उठवायचं नाही. नंदा? ती उद्या यायची आहे, असंही सांगून टाकलं. यायची होती त्याच दिवशी.

मग आत बसून राहिले. पाणीसुद्धा प्यायले नाही. चाळीतली ती सोय गॅलरीच्या टोकाला, आणि किल्ली यांच्या खिशात. असा माझा बंदोबस्त! बराच वेळ कुणी आलं नाही. वाटलं, टळलं. भूक लागली, कुकर चढवला.

आणि गॅलरीत पत्र्याची ट्रंक ठेवल्याचा आवाज झाला.

“कुलूप आहे गो आई,” नंदा म्हणाली. “थांबूया ना. काकी येतील. त्यांनी सांगितलंय ना!” वह्या ट्रंकेत वर ठेवल्यात, काकींना दाखवायच्यात, असंही म्हणाली. गॅस बंद करायला दोन पावलं पुरली असती. पण बांगड्या वाजतील म्हणून मी हललेच नाही. घ्या! बाई बांगड्यांना भ्यायली आणि कुकरला विसरली.

शिट्टी झाली. चांगली खणखणीत.

मी तोंडात पदर कोंबला. मग शेवंता बोलली — मोठ्याने, आत ऐकू येईल असं — “चल गो नंदा. काकी घरात नाय.”

ट्रंक उचलली. जिन्यावर ती प्रत्येक पायरीला आपटत गेली.

यांना आणि चाळीला मी सांगितलं की ऐन वेळी शेवंताचं मन बदललं, तिनेच लेकीला नेलं. सगळ्यांना पटलं. नंदाची दहावी झाली नाही, वर्षभरात लग्न झालं, एवढं कुणाकुणाकडून कळलं. शेवंताने मात्र चाळीतल्या एकाही माणसाला शिट्टीचं सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी रोज एक तास दार उघडं ठेवून बसायला सांगितलंय. बसते. पहिले काही दिवस छाती धडधडायची, आता शेजारीण डोकावली तर ‘या’ म्हणते. त्या म्हणतात, स्वतःला दोष देऊ नका, तो आजार होता. असेल. भीती आजाराची होती. कुलूप मी सांगून लावून घेतलं होतं.

आणि एक राहिलंच. त्या दिवशी जिन्यावरचा आवाज थांबल्यावर मी कुकर उघडला. भात छान मोकळा झाला होता. मी जेवले. दोनदा वाढून घेतला.