चुंबळीची पगडी

धुरपताबाईच्या अंगात आलं, भर मेळाव्यात पेटी डोक्यावर घेऊन घुमली, शेवटी लिंबू उतरवावं लागलं, अशी खबर पिंगळीत बाई घरी पोचायच्या आधीच पोचली. त्यातलं लिंबू माझ्या पदरचं, कबूल. पण खरं सांगतो, अंगात काही आलं नव्हतं. बाईला राग आला होता, आणि तो यायलाच पाहिजे होता.

धुरपताबाई आमच्या शेजारीण. वय पंचाहत्तर, दात चार, पण हाक मारली तर फलाटावरून सुटलेली गाडी थांबावी. नवरा लवकर गेला, कापूस वेचून दोन पोरी उजवल्या. घरात जपलेली वस्तू एकच, आजोबांची पत्र्याची पेटी. आजोबा बन्सीधर पिंगळी स्टेशनावर हमाल होते. पेटीत त्यांचा उर्दू अक्षरांचा पितळी बिल्ला आणि डोक्यावर ओझ्याखाली ठेवायची कापडाची चुंबळ. लहानपणी ती चुंबळ वळून द्यायचं काम या नातीचं. पुढं बाईनं जन्मभर पाण्याचे हंडे वाहिले, पण त्या चुंबळीला हात लावला नाही.

भाच्यानं मात्र लावला. महारुद्र, भावाचा मुलगा, परभणीत बंगला. "आत्या, घराण्याचा इतिहास छापायलोय, पेटी दे," म्हणाला. बाईनं पेटी दिली, बसवून सगळं सांगितलंही. हा कानाला मोबाईल लावून "हो, हो" करत होता. ते हो कुणाला होतं, देव जाणे.

पुस्तक निघालं तसा त्यानं परभणीत घराण्याचा मेळावा भरवला, बाईनं मलाही नेलं. मंगल कार्यालयात काचेखाली चुंबळ आणि बिल्ला, शेजारी पत्र्याची पेटी, वर झेंडूचा हार. बाईनं अक्षर अक्षर लावत चुंबळीखालची चिठ्ठी वाचली: 'पूर्वजांची दरबारी पगडी.' बिल्ल्याखाली: 'निजाम सरकारचा मानाचा बिल्ला.'

"कोणी लिव्हलं हे?"

"मी. आत्या, हळू बोल, पाव्हणे बसलेत." पाव्हणे म्हणजे त्याच्या पोरीला बघून गेलेले, पहिल्या रांगेत, फेटे बांधून.

"पगडी? आरं गाढवा, चुंबळ हाय ही!"

मी फिसकन हसलो. बाईनं माझ्याकडं असं बघितलं की मी तोंड फिरवलं. तिनं काच उचलली आणि बिल्ला माणिकरावांच्या हातात ठेवला. घराण्यातलेच नव्वदीचे म्हातारे, निजामाच्या काळात शाळा सगळी उर्दूत झालेली. त्यांनी डोळ्याजवळ धरून मोठ्यानं वाचलं, "हम्माल. पिंगळी. नंबर सात."

महारुद्र लालबुंद झाला. "आता पुस्तक छापून आलंय, आत्या. तिथं दरबारीच राहू दे. पाव्हण्यायला काय सांगू, हमालाची औलाद हाय म्हणून?"

बाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली, तिच्यावर ती पत्र्याची पेटी, आणि हात सोडून दोन रांगांमधून चालत निघाली. पेटी तसूभर हलली नाही. हे झालं घुमणं. पाव्हण्यांसमोर ती थांबली, आणि मागं धावत आलेल्या भाच्याला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"याच चुंबळीवर लोकाच्या पेट्या वाहून माझ्या आजानं तुझ्या बापाला शिकवून मास्तर केलं. तुझ्या बापाला त्याची लाज वाटली न्हाई. तुला वाटायली आसंल तर पुस्तकातून तुझं नाव खोड, माझ्या आजाची हमाली न्हाई."