दोन बोटं उघडी काच

टिचकी माझी धाकटी बहीण. सख्खी. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान, आणि तिला सायकलवर पुढे बसवून शाळेत सोडणारा मीच. हे आधीच सांगून टाकतो, कारण तिचं काम बघून लोक विचारतात, "ही तुमची कोण?" आणि मला तो प्रश्न फार आवडतो.

ती मोटारींच्या पुढच्या काचा बसवते. साध्या गाड्यांच्याही बसवते, पण नाव झालंय ते त्या बुटक्या, जमिनीला पोट घासत पळणाऱ्या स्पोर्ट्‌स कारमुळे. त्यांची काच उभी नसते, आरामखुर्चीसारखी मागे रेललेली असते. गडी खडीच्या ट्रकमागून सुसाट निघतो, चाकाखालचा खडा उडतो, आणि टण्ण! काचेला टवका. मग ही नखाने काचेवर टिचकी मारते, कान देते आणि सांगते, भरून निघेल की बदलावी लागेल. नाव त्यावरूनच पडलं. आजवर एकदाही चुकलेली नाही. मी नववीपर्यंतच शिकलोय, पण एवढं छातीठोक सांगतो.

गिऱ्हाईक कितीही मोठं असू दे, ही त्याला झापते. "टवका पडला की लगेच वरून चिकटपट्टी लावायची. धूळ शिरल्यावर माझ्याकडे येऊन रडायचं नाही. आणि त्या ट्रकच्या एवढं मागे मागे कशाला? लग्न ठरलंय का त्याच्याशी?" लोक हसतात, काचेवर तिच्याकडून खडा झेलणारी पारदर्शक फिल्म लावून घेतात आणि पुढच्या वेळी मित्राला घेऊन येतात.

दुकान आमच्या वडिलांचं. ते आरसे आणि खिडक्यांची तावदानं कापायचे. आता पुढे आरसे आहेत आणि मागच्या शेडमध्ये गाड्या. बोलायचं खातं माझ्याकडे; गिऱ्हाइकंही मला दादाच म्हणतात. काच उचलायला दुसरा माणूस लागतो, ते खातं माझ्या बायकोकडे. नणंद-भावजय रबरी कप काचेला चिकटवून दोन बाजूंनी अशी उचलतात की काच जणू आपणहून तरंगत जाते. मला हात लावू देत नाहीत. का, ते कळेलच.

तर झालं काय, गाड्यांच्या मोठ्या शोरूमने एक लिंबासारखी पिवळी गाडी पाठवली. परीक्षाच ती. शोरूमचे साहेब स्वतः येऊन म्हणाले, "काच बाहेरून मागवलीय, दोन महिन्यांनी आलीय, एकच आहे. उद्या सकाळी नऊला मी पाणी मारून बघणार. आत थेंब नाही आला तर आमच्या सगळ्या गाड्या तुमच्याकडे. आला तर राम राम." बारा वर्षं टिचकी याच दिवसाची वाट बघत होती. तोंडाने कधी बोलली नाही, पण मला ठाऊक होतं.

दुपारपर्यंत काच बसली. काळ्या गमची रेघ अशी सारखी ओढली होती, बघत राहावं. काच सरकू नये म्हणून वरच्या कडेला चिकटपट्ट्या लावल्या, दाराची काच दोन बोटं खाली ठेवली आणि टिचकी जेवायला गेली. ही तिची सक्त रीत. ताजा गम असताना सगळ्या काचा बंद करून दार आपटलं, तर आतली हवा जोरात बाहेर पडायला बघते आणि पुढची काच ढकलते. हे मी स्वतः शंभर गिऱ्हाइकांना समजावून सांगितलंय. मोठ्या ऐटीत.

तेवढ्यात शेजारचा टायरवाला आला. "बहिणीने मोठा मासा पकडला म्हणे?"

"मासा? अरे, नुसता दाराचा आवाज ऐकलास तरी खूळ लागेल तुला! तिजोरी बंद झाल्यासारखा येतो."

आवाज नीट यावा म्हणून मी बटण दाबून दाराची काच वर केली. पूर्ण. आणि दार लावलं. लावलं कसलं, आपटलं!

ढप्प! आवाज खरंच झकास आला. पण वरच्या कोपऱ्यातली पट्टी टक्‌कन सुटली.

टायरवाला म्हणाला, "मी आलोच नव्हतो इथे," आणि गेला.

मी पट्टी पुन्हा दाबून बसवली. बाहेरून काही दिसत नव्हतं. गप्प बसलो असतो तर कुणाला कळलं असतं? पण माझी बहीण उद्या त्या माणसासमोर मान वर करून उभी राहणार, आणि माझ्यामुळे ती खाली जाणार? छे! ती हात पुसत आली तसं मी सांगून टाकलं.

तिने कोपऱ्यावर टिचकी मारली, कान दिला.

"दादा, इथे पोकळ झालंय."

"वरून थोडा गम भरला तर?"

"उद्या टिकेल. वर्षभर नाही." मग हाक मारली, "वहिनी, कप आणा. पुन्हा काढू."

बायकोने माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरलो. "तोंड चालवायचं सोडून हात कुणी चालवायला सांगितला होता तुम्हाला?"

तार घालून दोघींनी सगळा गम कापला. इंचाइंचाने. एकुलती एक काच, जराशी पिळली असती तर खेळ खलास. बायकोच्या कपाळावर घाम आणि टिचकी शीळ घालतेय! मी दाराच्या चौकटीला धरून उभा. काच सुटली, तरंगत टेबलावर आली. तिने कडा खरवडली, पुसली, नवी रेघ ओढली. पहिलीपेक्षा सरस. अंधार पडायच्या आत काच परत जागेवर. माझी खुर्ची मात्र शेडच्या बाहेर रस्त्यावर, आणि गाडीच्या दारावर बायकोच्या अक्षरात कागद: 'दादांनी हात लावू नये.'

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब बरोबर नऊला आले. मला पांढरा रुमाल देऊन आत बसवलं, दार हळूच लावून मग काचा वर केल्या आणि दहा मिनिटं पाइपने पाणी मारलं. मी कोपरा न् कोपरा रुमालाने पुसला. रुमाल कोरडा ठणठणीत! मी दार उघडलं, तोंडही उघडणार, तोच त्यांची नजर कचऱ्याच्या डब्यात गेली. कापलेल्या गमचं वेटोळं पडलं होतं.

"हा तर ताजा गम. दोनदा बसवलीत?"

"हो," टिचकी म्हणाली. "पहिल्यांदा बिघडली." कुणामुळे, ते काही बोलली नाही.

मी गाडीतून उतरलो. "साहेब, बिघडवली मी. दार आपटलं. तिचं काम पहिल्यांदाही चोख होतं."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, दारावरचा भिजलेला कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"ताई, दुसरी गाडी दुपारी पाठवतो," ते म्हणाले. "हा कागद तेवढा काढू नका."