हळदीच्या दिवसांतली दहावी

आमची शाळा कोपरखैरण्यात, गावाला लागून. लग्नसराईत गावात नाचगाण्याच्या, मटणाच्या जेवणावळींच्या हळदी सुरू झाल्या की बेंजो पार्टीचा आवाज थेट वर्गात येतो. सराव परीक्षेच्या वेळी तो आवाज आला की दहावीतली एक मुलगी लिहायची थांबायची. हात थंडगार पडायचे, श्वास लागायचा.

मैत्रीण तिला चिडवायची, "तुज्याच भावकीत हळद ना? एकटीच मटन खाशील, आमाला पन बोलव की!" ती हसायची नाही.

एकदा मी तिला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा म्हणाली, "मॅडम, हळद असली का बाबा पितात. मंग ते घरी येईपर्यंत मला कायच सुचत नाय."

पाय जमिनीवर टेकवून सावकाश श्वास सोडायला मी तिला शिकवलं. मधल्या सुट्टीत आम्ही दोघी ते करायचो. हळूहळू तिला जमू लागलं. पण बोर्डाच्या विज्ञानाच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी तिच्या चुलतभावाचीच हळद आली, मांडव त्यांच्याच अंगणात.

मी तालुक्याच्या शाळेत शिकले, घरातली पहिली पदवीधर. परीक्षेच्या दिवसांत माझ्या बाईंनी मला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं होतं. त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. हिलाही तसंच शांत घर मिळावं म्हणून तिच्या आईशी बोलून तिला घणसोलीला मावशीकडे पाठवलं.

सकाळी परीक्षा केंद्राच्या फाटकाशी ती दिसली. डोळे सुजलेले.

"झोपलीस ना गं?"

"नाय मॅडम. घरी असले का बाबा आलेले ऐकू येतं, मंग झोप लागते. तिथं कायच कळत नव्हतं. आई फोन पन उचलत नाय."

मी माझ्या फोनवरून लावला. आईने या वेळी उचलला. "आलेत. झोपलेत," ती दबक्या आवाजात म्हणाली. मी फोन मुलीच्या कानाला लावला. "नक्की ना? पडले नाय ना कुटं?" तिने पुन्हा पुन्हा विचारलं. मग दप्तर माझ्याकडे देऊन आत गेली.

पेपर सुटल्यावर मी म्हटलं, "यापुढे घरीच राहा. बाबा आले की आई तुला सांगेल. तू जागत बसू नकोस."

तिने दप्तर खांद्याला लावलं. "मंग आई एकटीच जागंल ना, मॅडम."