आमच्यासाठी थांबलेली एस.टी.

म्हसळ्याच्या एस.टी. स्टँडसमोर एक जनरल स्टोअर होतं. वह्या, पेनं, बिस्किटं, खोबरेल तेल, कंदिलाच्या काचा, रमजानच्या महिन्यात खजूर, असं सगळं तिथे मिळायचं. दुकान एक चाची चालवायची. तिचा नवरा कुवेतला नोकरीला, वर्षा-दोन वर्षांनी महिनाभर यायचा. मी आठवीत गेले त्या वर्षी तो आला तेव्हा त्याने मुंबईहून टेम्पोत घालून व्हिडिओ गेमचं एक मशीन आणलं आणि दुकानात आतल्या बाजूला, साखरेच्या पोत्यांची जागा रिकामी करून, उभं केलं. कपाटाएवढं उंच, मधोमध काच, काचेखाली दोन दांडे आणि लाल-पिवळी बटणं. एकाने खेळायचं असलं तरी चालायचं, दोघांनी मिळून खेळायचं असलं तरी चालायचं. आकाशात विमानं उडवायची, समोरून येणारी शत्रूची विमानं पाडायची, आणि पाडता पाडता पुढे जायचं. पोरं त्याला नुसतं 'विमानाचा गेम' म्हणायची.

मी आणि माझी मैत्रीण म्हसळ्याच्या हायस्कुलात शिकायला यायचो. आमचं गाव आत, डोंगराच्या अंगाला. तिचं घर आणि माझं घर एकाच पाणंदीवर. शाळा सुटली की गावाची गाडी यायला बराच वेळ असायचा, आणि तीच शेवटची गाडी. स्टँडवर एकच बाकडं आणि त्यावर कायम पुरुष बसलेले. मग आम्ही दोघी चाचीच्या दुकानाच्या पत्र्याखाली उभ्या राहायचो. आतून गोळीबाराचे आवाज यायचे, पोरांचा आरडाओरडा यायचा. आम्ही माना वळवून बघायचो, पण आत जायचं धाडस नव्हतं. तशी पद्धतच नव्हती. आतली जागा पोरांची, पत्र्याखालची आमची.

एक दिवस चाची गल्ल्यावरून उठून दारात आली. "आत या गो पोरींनो. बाहेर कशाला उभ्या?"

"नको चाची, आत पोरगे आहेत," मैत्रीण म्हणाली.

"पोरगे आहेत म्हणजे काय वाघ आहेत?"

तिने माझ्या दप्तराला धरून मला आत ओढलं. मैत्रीण मागून आली. मशीनला चिकटलेल्या पोरांना चाचीने सांगून टाकलं, "आजपासून शाळा सुटली की ह्यांची गाडी येईपर्यंत मशीन पोरींचं. तुमची घरं हितंच हायत. तुम्ही मागनं या."

पोरं कुरकुरली. एकजण म्हणाला, "चाची, ह्यांना कुठं खेळता येतंय?"

"तुला काय आईच्या पोटात असताना येत होतं?" चाची म्हणाली आणि जाऊन गल्ल्यावर बसली. विषय संपला.

पहिल्या दिवशी आमची विमानं वर उडाली आणि लगेच पडली. पोरं पोट धरून हसली. मैत्रिणीचे कान लाल झाले. "मी नाही परत खेळणार," ती म्हणाली. मला मात्र त्या काचेतलं निळं आकाश सुटेना. दुसऱ्या दिवशी मी वडापावाच्या पैशांचं टोकन घेतलं आणि तिला म्हटलं, "तू फक्त उभी राहा. दांडा धर. बाकी मी बघते." ती उभी राहिली. हळूहळू आमच्यात वाटणी झाली. मी पुढे घुसायची, ती मागे राहून माझ्यावर येणाऱ्या गोळ्या बघायची. "डावीकडे," ती एवढंच बोलायची आणि मी न बघता डावीकडे जायची. वर्गात आम्ही भांडायचो, गाडीत खिडकीवरून भांडायचो, पण त्या मशीनसमोर कधी भांडलो नाही.

पोरांनाही आमची सवय झाली. त्यांच्यात शाळेच्या कबड्डी संघाचा कप्तान होता, उंच, दहावीतला. एकदा तो माझ्यामागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मुठीत काय आवळतेस? बोटांनी धर. सुटा ठेव हात." मी तसं केलं आणि विमान खरोखरच माझ्या बोटांच्या मागे फिरायला लागलं. त्याला आभार मानायचं मला सुचलं नाही. तो मानू देणाराही नव्हता.

सगळ्यांना हे रुचलं असं नाही. बाजारपेठेतले एक गृहस्थ चाचीकडे विड्या घ्यायला यायचे. एकदा आम्हाला मशीनपाशी बघून ते म्हणाले, "पोरींना हे काय वळण लावताय?"

चाचीने विडीचं बंडल त्यांच्यापुढे ठेवलं. "इथं त्या माझ्या नजरेसमोर असतात, भाऊ. रोज बाहेर रस्त्यावर उभ्या राहायच्या तेव्हा त्यांच्यावर कोण लक्ष ठेवत होतं? तुम्ही?"

ते विड्या घेऊन गेले.

सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर झाला त्या दिवशीची गोष्ट. मन मोकळं होतं म्हणून असेल, पण त्या दिवशी आमचे हात असे चालले की आमचं आम्हालाच नवल वाटलं. जिथे रोज अडकायचो तो डोंगरांचा टप्पा पार झाला. त्याच्या पुढचा ढगांचा टप्पा आजवर फक्त कप्तानानेच पाहिला होता, तोही पार झाला. मग काचेत काळंभोर पाणी आलं आणि कुणीतरी ओरडलं, "हे तर कुणी बघितलंच नाय." एक पोरगा बाहेर पळाला आणि रस्त्यावरच्या पोरांना बोलावून आला. दुकान भरलं. मला माझ्या मानेवर लोकांचे श्वास लागत होते.

आणि गाडीचा हॉर्न वाजला.

मैत्रिणीचा हात थांबला. "गाडी आली गं."

"येऊ दे," मी म्हटलं. ती शेवटची गाडी होती, ती चुकली तर डोंगरापर्यंत चालत जावं लागणार होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी तसं म्हटलं. तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि परत दांडा धरला.

थोड्या वेळाने कंडक्टर काका दारात आले. आम्ही रोजच्या, म्हणून ते आम्हाला ओळखायचे. "चला गो पोरींनो, गाडी सुटते."

"जरा थांबा," चाची म्हणाली. "पोरी शेवटाला पोचल्यात."

"कसल्या शेवटाला?"

"या, बघा."

त्यांनी पोरांच्या डोक्यांवरून आत डोकावलं. काळ्या पाण्यात एक अवाढव्य आगबोट आली होती, आख्खी काच भरून. तिच्या सगळ्या बाजूंनी तोफा होत्या आणि आमची दोन इवलीशी विमानं तिच्यासमोर माश्यांसारखी भिरभिरत होती. खांद्यावरची पैशांची बॅग पुढे घेऊन कंडक्टर काका तिथेच उभे राहिले. मग बाहेर इंजिनाची घरघर बंद झाली. बाहेर इंजिनाची घरघर बंद झाली. मग एकेक करून गाडीतली माणसं उतरून आली. सुक्या मासळीची टोपली घेऊन बाजारातून परत निघालेली आमच्याच गावची एक म्हातारी पोरांना कोपराने सारत थेट माझ्याशेजारी आली.

"ह्यातलं आपलं इमान कुठलं गो?"

"लाल माझं, आजी. निळं हिचं."

"आणि ती बोट?"

"दुश्मनाची."

तिने मागे वळून सगळ्यांना सांगितलं, "लाल आणि निळं आपलं हाय. बोट बुडवायची हाय." त्यानंतर दुकानातली प्रत्येक बाई आमच्या बाजूने बोलायला लागली.

बोट अर्धी पेटली आणि आमची शेवटची विमानं पडली. काचेवर आकडे उलटे सुरू झाले. ते संपायच्या आत टोकन टाकलं तर खेळ तिथूनच पुढे चालू व्हायचा. माझ्याकडे टोकन नव्हतं, तिच्याकडेही नव्हतं. चाची गल्ल्याकडे वळली, पण मधे एवढी माणसं होती की तिला जाता येईना. तेवढ्यात माझ्या खांद्यावरून एक लांब हात पुढे आला. कप्तानाने त्याच्याकडची दोन्ही टोकनं फटीत सोडली. "बघत काय बसलात? चालवा," तो म्हणाला.

आम्ही चालवलं. "डावीकडे," मैत्रीण म्हणाली. "मागे. आता जा." मी गेले. मला पुढचं सगळं एकाच दमात घडल्यासारखं आठवतं. बोटीच्या मधोमध आग लागली, ती दोन तुकडे होऊन पाण्यात गेली, आणि काचेतला काळोख जाऊन तांबडं फुटलं. मोकळ्या आकाशात आमची दोन विमानं शेजारी शेजारी, कुणी गोळी न मारता, शांतपणे उडत राहिली. वर इंग्रजीत काहीतरी आलं. कप्तानाने मोठ्याने वाचलं आणि म्हणाला, "अभिनंदन म्हणतंय."

मागून एकजण पुटपुटला, "मधे टोकन टाकलं. ते धरायचं नाय."

"संपला ना गेम?" कप्तानाने त्याला विचारलं. "तू कधी संपवलास?"

मशीनने नाव विचारलं. तीनच अक्षरं बसायची. मी माझ्या नावाचं, वडिलांच्या नावाचं आणि आडनावाचं अशी पहिली अक्षरं टाकली. मैत्रिणीनेही तशीच टाकली. दोन्ही नावं सगळ्यांच्या वर जाऊन बसली आणि चाचीने पदराच्या टोकाने ती काच पुसली.

गाडीत कंडक्टर काकांनी आम्हाला पुढची सीट दिली. गावात पोचायला दिवस मावळला. फाट्यावर माणसं काळजीने उभी होती, त्यांत माझे वडील होते. पावसाळ्यात शेती आणि एरवी गवंडीकाम करणारे, कमी बोलणारे. त्यांनी विचारलं, "गाडीला काय झालं होतं?"

"गाडीला काय न्हाय," कंडक्टर काका पायरीवरून म्हणाले. "तुमच्या पोरीसाठी थांबवली." आणि त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. राहिलेलं त्या मासळीवाल्या आजीने सांगितलं, बोट होती त्याहून मोठी करून.

घरी पोचल्यावर वडील हातपाय धुऊन जेवायला बसले. आई मात्र बोलली. गाडी थांबवणं शोभतं का, लोक काय म्हणतील, असं पुष्कळ. मी खाली मान घालून जेवत होते. आईचं संपल्यावर वडिलांनी विचारलं, "त्या खेळात शेवटी काय होतं?"

मी सांगितलं. टप्पे सांगितले, बोट सांगितली, मैत्रीण मागून कशी राखण करते ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हसळ्यातल्या एकाही पोराला जमलं नव्हतं?"

"नाही."

"बरं," ते म्हणाले आणि आईकडे आणखी एक भाकरी मागितली.

रविवारी ते बाजाराच्या निमित्ताने मला घेऊन म्हसळ्याला गेले आणि पिशवी हातात घेऊन थेट चाचीच्या दुकानात शिरले. चाचीला वाईट वाटत होतं. मशीन बंद केलं की नावं पुसली जायची, म्हणून तिने ते त्या दिवसापासून बंदच केलं नव्हतं. "तुम्हाला दाखवायला ठेवलं होतं, भाऊ. पण पहाटे लाईट गेली आणि सगळं गेलं."

"असू दे," वडील म्हणाले. "नाव गेलं तरी पोरगी आहे ना. खेळू दे तिला."

मी खेळले. हात मागे बांधून ते शेजारी उभे होते. डोंगरांच्या टप्प्यात मी पडले.

"दमलीस?"

"नाही. एकटीने होत नाही."

पुढच्या रविवारी ते सकाळीच मैत्रिणीच्या घरी गेले, तिच्या वडिलांशी बोलले आणि आम्हा दोघींना घेऊन निघाले. त्या दिवशी आम्ही बोटीपर्यंत पोचलो, बोट काही बुडाली नाही. पण बोट येताच वडील चाचीला म्हणाले, "हीच ना ती?" आणि चाचीने मान डोलावली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी नंतर बोर्डाच्या निकालाला पाहिलं, आणि पहिल्या पगाराला पाहिलं. पण पहिल्यांदा तिथे पाहिलं.

त्यानंतर आजूबाजूच्या गावांतल्या कितीतरी मुली दुकानात येऊ लागल्या. पत्र्याखाली उभं राहणं बंदच झालं. चाचीचा नियम मशीन विकलं जाईपर्यंत टिकला, आणि तोवर आमच्यानंतरच्या दोन मुलींनीही बोट बुडवली होती. चाचीने मला ते मुद्दाम निरोप पाठवून कळवलं. मला जराही हेवा वाटला नाही. आपण वाट काढली आणि मागून माणसं आली, याचा आनंदच वेगळा असतो. मैत्रीण आज अलिबागला नर्स आहे. मी माणगावला एका पतपेढीची शाखा सांभाळते.

माझ्या लग्नाची बोलणी करायला मुलाकडची मंडळी घरी आली तेव्हा मी पदवीधर झाले होते आणि नोकरीलाही लागले होते. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "मुलीने काय काय केलं आहे?" आईने पदवीचं सांगायला तोंड उघडलं, पण वडील आधी बोलले. "म्हसळ्याला मशीनवर एक विमानाचा गेम होता," ते म्हणाले. "पोरगे हरले होते. आमच्या हिने आणि हिच्या मैत्रिणीने तो पहिल्यांदा संपवला. एस.टी. थांबली होती."

पाहुणे एकमेकांकडे बघायला लागले. आईने कपाळाला हात लावला. मुलगा मात्र बशी खाली ठेवून पुढे सरकला. "काळ्या पाण्यातली बोट?" त्याने मला विचारलं. "आमच्या श्रीवर्धनलाही ते मशीन होतं. मी ढगांच्या पुढे कधी गेलो नाही."

"मी गेले," मी म्हटलं.