चौकटीतली मोकळी जागा

आमचे ड्रॉइंग मास्तर चित्रातल्या माणसाला सावली देत नसत. नाकाखाली नाही, हनुवटीखाली नाही. भिलाईत तेव्हा कारखाना उभा राहत होता, शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची आणि तिथे मी गणित शिकवत असे. दिवसभर धूळ खाऊन आम्ही दोघे गळून गेलेले असायचो. तरी चहा आला की मास्तरांचा विषय ठरलेला.

"मागच्या शतकात फ्रान्सचे चितारी जपानी छापचित्रं पाहून येडे झाले, बाई. सपाट रंग, सावली नाही, माणूस पार एका कडेले अन् बाकी जागा मोकळी. मग तेही माणसं तशीच काढाले लागले." नागपूरला शिकताना एका पुस्तकात ही चित्रे त्यांनी पाहिली होती. मी आपली हं हं करत पाय चोळत बसायची.

पोटापाण्यासाठी ते दुकानांच्या पाट्या रंगवत. पण भिलाईतल्या एका तरी घरात आपल्या पद्धतीची तसबीर लागावी, एवढी त्यांची इच्छा. आमच्याच वस्तीतल्या, मूळ भंडाऱ्याकडच्या एका म्हातारीचा मुलगा तापाने गेला, तेव्हा तिने मास्तरांना त्याची तसबीर काढायला सांगितले. त्यांनी जीव ओतून त्याला काढले: वरच्या कोपऱ्यात, अर्धवट वळलेला, बाकी सगळा पिवळा रंग.

वर्षश्राद्धाला म्हातारीने तसबिरीला हार घातला आणि मुलगा झेंडूखाली गडप झाला. फ्रान्सात तसबिरींना हार घालत नाहीत, हे मास्तरांच्या ध्यानातच आले नव्हते. "मास्तर," ती म्हणाली, "माहा पोरगा दिसून नाही राहिला." मास्तरांनी दुसरी तसबीर काढून दिली, समोर बघणारी, सावलीवाली. पुढे चहाच्या वेळी ते गप्प राहू लागले. त्यांची ती बडबड नसली की दिवस संपता संपत नसे.

घरी मास्तरांची बायको, आमच्या वहिनी, मात्र त्यांच्या बाजूच्या. अंथरुणाला खिळल्या तरी म्हणायच्या, "माही तसबीर तुमच्या मनासारखी काढजा. मले हार नसला तरी चालन." मला वाटायचे, चला, एक घर तरी मिळाले मास्तरांना.

वहिनी गेल्या. तेराव्याला मी गेले, तर भिंतीवरून त्या थेट माझ्याकडेच बघत होत्या. चेहरा चौकटभर, बोट ठेवायला मोकळी जागा नाही. मला राहवले नाही. मी विचारले, "मास्तर, असं कावून?"

ते हार सारखा करत होते.

"घरात रिकामी जागा बहुत झाली, बाई," ते म्हणाले. "चित्रात अजून कायले ठेवू?"