डब्लिन, यूके

कोल्हापूरच्या आमच्या व्हिसा एजंटाला मी दोन वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या. थोरलीच्या वेळी आई बाळंतपणाला येणार होती आणि या गृहस्थांनी अर्जात माझा पत्ता लिहिला : स्वोर्ड्स, डब्लिन, यूके. आयर्लंड हा वेगळा देश आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं. अर्ज परत आला. "सरकारी कागदात माझं नाव खराब झालं," असं आईनं जे धरून घेतलं ते घेतलंच. पुन्हा आयर्लंडचा अर्ज करायला ती तयार होईना. इकडे मंदीत माझ्या औषध कंपनीतल्या रजेचे वांधे. थोरली दोन वर्षांची झाली, तरी तिची आजी कॉम्प्युटरच्या पडद्यातच राहिली.

दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मी ठरवलं, या वेळी आई माझ्याजवळ हवीच.

त्या मे महिन्यात, २०११ साली, इंग्लंडची राणी डब्लिनला आली. आयर्लंड स्वतंत्र झाल्यापासून असं प्रथमच घडत होतं. आमच्या शेजारचे निवृत्त बसड्रायव्हर आजोबा आठवडाभर घुश्शात होते. पण मेजवानीत राणीनं भाषणाची सुरुवात चक्क आयरिश भाषेत केली, आणि भिंतीपलीकडे त्यांच्या टीव्हीचा आवाज एकदम वाढला.

त्याच सुमारास इथल्या सरकारनं जाहीर केलं की इंग्लंडच्या व्हिसावर तिथे उतरलेल्या काही देशांच्या पाहुण्यांना जुलैपासून आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागणार नाही. यादीत भारत होता. आणि आई नेमकी लंडनला माझ्या दादाकडे आलेली, त्यानंच काढून दिलेल्या इंग्लंडच्या व्हिसावर! दोन सरकारांचं जमलं आणि माझं काम झालं. कोल्हापूरचा एजंट दोन वर्षं आधीच बरोबर ठरला होता.

"आई इंग्रजांच्या व्हिसावर येतेय, चालेल ना?" मी शेजारच्या आजोबांना चिडवलं.

"ते आठशे वर्षं इथे व्हिसाशिवाय येत होते," आजोबा म्हणाले, "तुझ्या आईकडे निदान कागद तरी आहे."

बाळ दहा दिवसांचं असताना आईचं विमान आलं. बाळाला नवऱ्याच्या हवाली करून मी थोरलीसह विमानतळ गाठला, आजोबांच्याच गाडीतून. आईकडून फोनवर दोन वाक्यं घोकून घेतली होती : "डॉटर इन डब्लिन. थ्री वीक्स." विमानातले सगळे बाहेर पडले, आई नाही. नियम नवा, अधिकाऱ्याला ठाऊक नसला तर? तिला उलट पावली लंडनला धाडलं तर तिच्या मनातून ते कधीच जाणार नाही.

आणि दार उघडलं. डिंकाच्या लाडवांचा डबा छातीशी धरून आई ताठ मानेनं बाहेर आली.

"काय झालं गं? एवढा वेळ?"

"काय न्हाई. सायबानं शिक्का मारला अन् म्हनला, यू आर ग्रँड. मी म्हनलं, येस, येस, ग्रँडमदर! मग फोटो दाखवले त्येला. दोन्ही नातवंडांचे. तोंड बघूनच वळखलं बघ त्यानं मला!"

आयर्लंडमध्ये ग्रँड म्हणजे नुसतं 'ठीक आहे, काही काळजी नाही'. बिचारा तिला जा म्हणत होता आणि ती फोटो दाखवत उभी! मी हसता हसता रडले.

आई थोरलीपुढे बसली, हात पसरले आणि हुंदकाच फुटला तिला. थोरली घाबरली नाही. पाळणाघरात कुणी पडलं, रडलं की बाई जे म्हणतात तेच, त्यांच्याच हेलात, आजीच्या गालावर हात ठेवून म्हणाली,

"यू आर ग्रँड, आजी. यू आर ग्रँड."

आईनं माझ्याकडे मान वर करून पाहिलं. "बघ," ती म्हणाली, "हिनंबी वळखलं!"