जावेचं ऊन

दिंद्रुडला आमचं किराणा दुकान होतं आणि दुकानामागंच घर. दुकानात तेव्हा नुकत्याच शाम्पूच्या आणि गोरं करणाऱ्या क्रीमच्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या होत्या. मला त्या क्रीमचं कौतुक नव्हतं, कारण माझी पोर जन्मतःच गोरीपान निघाली होती. सगळ्या आळीत तसं लेकरू नव्हतं आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हते.

दोन महिन्यांनी धाकट्या जावेला मुलगा झाला. ती युसूफ वडगावकडची, शेतकऱ्याच्या घरची. रोज सकाळी लेकराला तेल चोळून, न्हाऊ घालून ती वर छतावर, माळवदावर न्यायची आणि उघडंच कोवळ्या उन्हात निजवायची. मी मात्र खोलीची खिडकी लावून निखाऱ्यांवर ऊद आणि ओवा टाकायचे आणि पोरीला धुरी द्यायचे. उन्हानं रंग जाईल आणि बाहेर काढलं तर दृष्ट लागेल, असा माझा पक्का हिशेब.

दीड वर्षाची होईतो पोरीच्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घडीत खाज सुटून रक्त यायला लागलं. मग दम लागायला लागला. श्वास घेताना छातीतून शिट्टी वाजायची. जावेचा पोरगा माती खायचा, दुकानात मिरचीच्या पोत्याला टेकून झोपायचा, तरी त्याला साधी शिंक येत नव्हती. खरं सांगते, त्याला एकदा तरी सडकून ताप यावा असं मला वाटायचं. देवापुढं दिवा लावतानासुद्धा वाटायचं.

बीडच्या डॉक्टरांकडं गेलो तेव्हा पोरीला धरायला जाऊच सोबत होती. डॉक्टरांनी विचारलं, लेकरू उन्हात खेळतं का. मी हो म्हणणार, तेवढ्यात ही बोलली, "अक्का तिला उनात काढीतच न्हाईत, साहेब. काळी पडंल म्हनून. वरून रोज धुरी देत्यात."

डॉक्टरांनी आधी धुरी बंद करायला सांगितली. उन्हानं अंगात ड जीवनसत्त्व तयार होतं, हाडांना ते लागतं, म्हणाले. ऊन आणि ही खाज-दम्याची अॅलर्जी यांचं नातं काय ते आपल्याला ठाऊक नाही, पण लेकराला असं कोंडून ठेवू नका. औषध लिहून दिलं. परतताना एसटीत मी पोरीला घेऊन जावेपासून लांबच्या बाकावर जाऊन बसले. ती खोटं बोलली असती तर एक वेळ मी तिला माफ केलं असतं.

धुरी मी बंद केली, औषध एक दिवस चुकवलं नाही. पण माळवदावर जायचं म्हणजे तिचं खरं होतं असं कबूल करायचं, आणि ते काही माझ्यानं होईना. मग एका सकाळी दळण घेऊन आले तर खोली रिकामी. वर गेले. दोन्ही लेकरं तेलानं माखलेली, आणि माझी पोर जावेच्या मांडीवर बसून तिच्या हातानं दूधभाकरी खात होती. मागनं कळलं, मी रोज सकाळी गिरणीवर, नळावर गेले की हे चालायचं, महिनाभर. माझ्या हातून ती पोर दोन घास धड खात नव्हती.

"काळी केलीस माझी पोर," मी म्हणाले.

"व्हय," ती म्हणाली. "पन अक्का, तिच्या छातीला कान लावून बघा."

मी कान लावला. शिट्टी नव्हती. औषधानं गेली, धुरी थांबल्यानं गेली की उन्हानं, देव जाणे. मी आजही औषधाच्याच बाजूनं आहे. पोरीला उचलायला हात पुढं केले तर ती जावेचा पदर सोडेना.

परवा पुण्याहून पोरीचा फोन आला. तिलाही आता लेक झालीय. मी तब्येतीचं विचारलं, जेवणाचं विचारलं, तिनं भराभर सांगून टाकलं आणि म्हणाली, "आई, काकू आहे का गं? बाळाला किती वेळ उन्हात ठेवायचं ते विचारायचंय."

जाऊ माझ्यासमोरच बसून डाळ निवडत होती. मी सांगितलं, काकू घरात नाही.